पाण्याच्या रांगेतून पालिकेत

विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव उपनगरात आहेत. आरेच्या टेकड्यांपलीकडे विहार आणि त्याच्याही वर, बोरिवलीच्या जंगलात, तुळशी. विहारचे पाणी १८६० च्या सुमारास मुंबईला जाऊ लागले, तुळशीचे १८७९ मध्ये. पुढे तानसा आली, वैतरणा आली. त्यांच्या जलवाहिन्याही उपनगरांच्या अंगावरूनच शहराकडे गेल्या. तरी गोरेगावातल्या बाईचा दिवस त्यानंतरही कित्येक वर्षे विहिरीवर नाहीतर सार्वजनिक नळाच्या रांगेतच सुरू होत होता. आपल्या संस्थेचा इतिहास लिहायचा तर मला या रांगेपासूनच सुरुवात करावीशी वाटते.

केशव गोरे स्मारकाच्या कामाला अनेक अंगे आहेत. ग्रंथालय, व्याख्याने, प्रशिक्षणवर्ग, तरुणांची शिबिरे या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. मी या लेखात एकच धागा धरला आहे. गोरेगाव आणि आसपासच्या बायका गावाच्या, प्रभागाच्या, शहराच्या कारभारात कशा शिरल्या आणि त्या शिरताना या वास्तूचा त्यांना काय उपयोग झाला, एवढेच मला सांगायचे आहे.

हे स्मारक ज्यांच्या पुढाकाराने उभे राहिले त्या मृणाल गोरे, माहेरच्या मृणाल मोहिले, वैद्यकीय शिक्षण घेत असताना राष्ट्र सेवा दलात ओढल्या गेल्या आणि डॉक्टर होणे त्यांनी सोडून दिले. १९४८ मध्ये त्यांनी सेवा दलातलेच सहकारी केशव गोरे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. केशवराव सगळ्यांचे बंडू गोरे. दोघांनी गोरेगाव हे कामाचे क्षेत्र निवडले. तेव्हाचे गोरेगाव मुंबईच्या हद्दीबाहेर होते. तिथे ग्रामपंचायत होती. स्टेशनाच्या आसपास काही चाळी आणि बंगले, बाकी भातखाचरे, वाड्या आणि गिरण्या-कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या वस्त्या. पन्नासच्या दशकाच्या आरंभीच मृणालताईंनी इथे महिला मंडळ सुरू केले. मंडळ म्हटले की शिवण, भरतकाम, हळदीकुंकू असे चित्र डोळ्यांसमोर येते. तेही होतेच आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण घरातून निघायला सांगण्यासारखे निमित्त बाईला त्यानेच दिले. पण त्याच बैठकीत कुटुंबनियोजनाचा विषय निघाला. ज्या काळात तो शब्द नवरा-बायकोतही उच्चारला जात नव्हता, त्या काळात दहा-पंधरा बायकांनी एकत्र बसून त्यावर बोलावे, ही लहान गोष्ट नव्हती. मूल किती आणि कधी, हे आपण ठरवू शकतो, असे ज्या बाईला वाटले, तिला पुढे नळ कुठे बसवायचा हेही आपण ठरवू शकतो असे वाटायला वेळ लागला नाही. त्याच सुमारास मृणालताई गोरेगाव ग्रामपंचायतीवर निवडून गेल्या. स्थानिक कारभाराची पहिली ओळख त्यांना तिथे झाली.

१९५८ मध्ये बंडू गोरे गेले. मृणालताई तेव्हा जेमतेम तिशीच्या होत्या, पदरी लहान मुलगी होती. बंडूंच्या आठवणीसाठी काय करावे, हा प्रश्न त्यांच्यासमोर आणि मित्रांसमोर उभा राहिला. त्यांनी माणसे जमतील अशी जागा उभी केली. आरे रस्त्यावरचे केशव गोरे स्मारक ते हेच.

जागेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळातल्या पुरुषाला बसायला नाका होता, हॉटेल होते, पक्षाची कचेरी होती, स्टेशनाबाहेरचा कट्टा होता. बाईला देऊळ होते, नाहीतर नळ. नळावर भांडण होते, बैठक होत नाही. घरी निरोप ठेवून, सासूला सांगून, संध्याकाळी दिवेलागणीला जाता येईल आणि कुणी वेडेवाकडे बोलणार नाही, अशी जागा बाईला लागते. अर्ज लिहायला टेबल लागते. मोर्चाचे फलक रंगवायला सतरंजी पसरण्याएवढी मोकळी फरशी लागते. मुलाला शेजारी खेळायला सोडता यावे लागते. राजकारणाच्या इतिहासात या गोष्टी कुणी लिहीत नाही, पण त्यांच्यावाचून एकही चळवळ उभी राहिलेली नाही. स्मारकाने बायकांना सर्वांत आधी जे दिले ते हे.

दरम्यान १ फेब्रुवारी १९५७ रोजी गोरेगावपासून दहिसरपर्यंतचा पट्टा आणि पूर्वेला मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत सामील झाला होता. अंधेरी, घाटकोपर हा पट्टा १९५० मध्येच आला होता. कर पालिकेचे झाले, पाणी मात्र पालिकेचे झाले नाही. जे प्रश्न ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सुटत किंवा निदान ओरडून मांडता येत, ते आता बोरीबंदरसमोरच्या पालिकेच्या दगडी इमारतीत गेले. गोरेगावच्या बाईला तिथे पोचायचे म्हणजे लोकलचे तिकीट, अर्धा दिवस आणि इंग्रजी लिहिणारा माणूस, एवढे सगळे लागे.

महापालिकेला बायका अगदीच नव्या नव्हत्या. १९२० च्या दशकात सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले तिथे सदस्य होत्या. १९५६ मध्ये सुलोचना मोदी महापौर झाल्या, मुंबईच्या पहिल्या महिला महापौर. पण ही नावे शहराची होती. १९६१ च्या निवडणुकीत मृणालताई प्रजा समाजवादी पक्षाकडून गोरेगावातून निवडून आल्या, तेव्हा नुकत्याच सामील झालेल्या उपनगराचा नळ, गटार आणि रस्ता घेऊन एक बाई सभागृहात शिरली. परळच्या अहिल्याताई रांगणेकरही त्याच निवडणुकीत निवडून आल्या. एक समाजवादी, एक कम्युनिस्ट. पुढे अकरा वर्षांनी या दोघी एका मोर्चात शेजारी शेजारी चालणार होत्या.

पाणी मिळवणे म्हणजे काय असते, हे आजच्या वाचकाला थोडे उलगडून सांगायला हवे. मुंबईत पाणी चोवीस तास येत नाही, ठरलेल्या वेळी येते. जलवाहिनीचे विभाग पाडलेले असतात आणि पालिकेचा चावीवाला एका विभागाची चावी बंद करून दुसऱ्याची उघडतो. वाहिनीच्या सुरुवातीला असलेल्या घराला दाब चांगला मिळतो, टोकाच्या वस्तीत नळाला फक्त शूं शूं आवाज येतो. म्हणून ‘आमच्याकडे पाणी नाही’ एवढ्या तक्रारीने काही हलत नाही. कोणत्या वाहिनीवर, किती इंचांची जोडणी, किती वाजता सुटते, किती मिनिटे टिकते, मध्ये कुणी मोटर लावून ओढते का, हे सगळे ठाऊक असावे लागते. आणि हे ठाऊक कुणाला असते? जी रात्री तीनला उठून हंडा लावते तिला. अभियंत्याच्या नकाशावर जे नसते ते तिच्या पाठीच्या कण्याला माहीत असते. मृणालताईंची ताकद इथे होती. त्या वस्तीत जाऊन बायकांकडून हा तपशील गोळा करत आणि सभागृहात तोच तपशील प्रश्न म्हणून उभा राही. बायका मोर्चा घेऊन गेल्या तरी हातात रिकाम्या हंड्याबरोबर माहितीही असे. गोरेगावला पाणी आले आणि मृणालताईंना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. कुठल्याही पदवीपेक्षा हे नाव त्यांना अधिक शोभले, कारण ते रांगेतल्या बायकांनी दिले होते.

याच वर्षांत झोपडपट्ट्यांचा प्रश्न पुढे आला. वस्ती पाडायला माणसे येत ती बहुधा दिवसा, पुरुष कामावर गेलेले असताना. तेव्हा समोर उभी राहायची ती बाई. उघड्यावर पडलेला संसार पुन्हा उभा करायचा तोही तिनेच. झोपडीला नळ, संडास, दिवा हे सगळे देण्यापूर्वी तिला कागदावर माणूस म्हणून नोंदवावे लागते, आणि त्या नोंदीसाठीच्या लढ्यात स्मारकाचे कार्यकर्ते अखंड होते.

आता १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनाकडे येतो. ही आठवण मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्या स्मारकातल्या तरुण मुलींना ती ऐकून ठाऊक आहे, पण त्या आंदोलनाची रचना कशी होती हे बहुतेकींना ठाऊक नाही.

महाराष्ट्रात दुष्काळ होता. मुंबईत रेशनच्या दुकानात धान्य वेळेवर येईना, तेल आणि रॉकेल मिळेना, रवा-साखर सणाच्या तोंडावर गायब होई आणि काळ्या बाजारात मात्र हवी तेवढी दिसे. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणालताई, अहिल्याताई, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते, कमल देसाई, मंजू गांधी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका त्यात एकत्र आल्या. त्यांचे पक्ष एरवी एकमेकांच्या सभाही उधळत. ‘संयुक्त’ हा शब्द नावात सहज आलेला नाही. पक्षांच्या पुरुषांना जे जमत नव्हते ते या बायकांना जमले, कारण तेलाचा डबा रिकामा झाला की तो कोणत्या पक्षाचा हे विचारायची सोय नसते.

समितीच्या हत्यारांकडे पाहा. थाळी आणि लाटणे. ठरलेल्या वेळी मुंबईभरच्या बायकांनी गॅलरीत, दारात, चाळीच्या कठड्याला उभे राहून थाळ्या वाजवल्या. यात एक मोठे शहाणपण होते. मोर्चाला येऊ न शकणारी बाई, जिला नवरा पाठवत नाही, जिचे मूल तापाने फणफणले आहे, जिला कामावर खाडा परवडत नाही, तीसुद्धा त्या क्षणी आंदोलनात होती. शेजारच्या चाळीतून आवाज आला की तिचाही हात उठत असे. आणि सरकारच्या कानावर पडला तो स्वयंपाकघरातून निघालेला आवाज, ज्याला पक्षाचा रंग लावता येत नव्हता. लाटणे घेऊन हजारो बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा वर्तमानपत्रांना छायाचित्र मिळाले हे खरे, पण त्याआधी गल्लोगल्ली बैठका झाल्या होत्या. साठेबाजांच्या गोदामांवर बायका गेल्या, मंत्र्यांना घेराव घातले, रेशनच्या दुकानांवर लक्ष ठेवले. भाव किती, माल किती आला, किती वाटला, याचा हिशेब बायकांनी मागायला सुरुवात केली. कारभाराची तपासणी म्हणतात ती हीच. त्याच वर्षी मृणालताई मोठ्या मताधिक्याने विधानसभेत गेल्या होत्या, म्हणून रस्त्यावरचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सभागृहातही पोचत असे.

१९७५ मध्ये आणीबाणी आली आणि हे सगळे थांबले. मृणालताई भूमिगत झाल्या, मग तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा गल्लीबोळांत फिरली. केंद्रातले आरोग्य मंत्रिपद त्यांच्यापुढे आले आणि त्यांनी ते घेतले नाही. मला मात्र त्या विजयापेक्षा १९६१ चा विजय मोठा वाटतो. दिल्लीला लाटेवर बरेच जण गेले. पालिकेत जाताना कुठलीही लाट नव्हती.

ऐंशीच्या दशकात कामाची दिशा बदलली, किंवा अधिक खरे सांगायचे तर ती घराच्या आत वळली. पाणी, धान्य यासाठी एकत्र येणाऱ्या बायका हळूहळू दुसरेही बोलू लागल्या होत्या. मार, हुंडा, टाकून देणे, घराबाहेर काढणे. १९८३ मध्ये ‘स्वाधार’ हे मदत केंद्र सुरू झाले. संकटात सापडलेल्या बाईने यावे, बोलावे, तिला सल्ला मिळावा, गरज पडली तर वकील, पोलीस, सासर या सगळ्यांशी तिच्यासोबत कुणीतरी जावे, असे त्याचे स्वरूप. इथे आलेल्या बायकांची नावे कधी कुठे छापली जाणार नाहीत आणि छापली जाऊही नयेत. पण ज्या बाईला पोलीस ठाण्याची पायरी चढायची धास्ती वाटत होती तीच पुढे दुसरीला घेऊन तिथे गेली, अशी उदाहरणे इथे काम केलेल्या प्रत्येक कार्यकर्तीकडे आहेत.

१९८५ मध्ये मृणालताई पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भलिंग तपासून मुलीचा गर्भ पाडण्याचा धंदा तेव्हा मुंबईत उघड चालला होता, लोकलच्या डब्यातसुद्धा त्याच्या जाहिराती होत्या. १९८६ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध विधेयक मांडले. स्त्री संघटना, डॉक्टर आणि वैज्ञानिक आधीपासून याविरुद्ध उभे होते. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, तो देशातला या विषयावरचा पहिला. संसदेचा कायदा १९९४ मध्ये आला. महिला मंडळाच्या बैठकीत कुटुंबनियोजनावर दबक्या आवाजात सुरू झालेले बोलणे पस्तीस वर्षांनी कायद्यापर्यंत गेले, असे मी म्हणेन.

घरांच्या लढ्याबद्दल थोडक्यात. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने अतिरिक्त ठरलेली जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून नागरी निवारा परिषद लढली. प. बा. ऊर्फ बाबुराव सामंत, मृणालताई, कमलताई देसाई हे त्यात पुढे होते. सामंत आणि मृणालताई यांनीच याआधी तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या सिमेंट प्रकरणात न्यायालयात धाव घेतली होती आणि जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले होते. परिषदेच्या दीर्घ झगड्यातून दिंडोशीत सुमारे ६२ एकरांवर सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. गोरेगाव पूर्वेला आज तो सगळा भाग ‘नागरी निवारा’ याच नावाने ओळखला जातो, रिक्षावाल्याला तेवढे सांगितले की पुरते.

आता आरक्षणाविषयी. १९९० मध्ये महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा राखल्या आणि मुंबईत १९९२ च्या निवडणुकीत त्या पहिल्यांदा अमलात आल्या. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश जागा देशभर बंधनकारक झाल्या. २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण ५० टक्के केले आणि २०१२ मध्ये मुंबईच्या २२७ प्रभागांपैकी ११४ बायकांसाठी राखीव होते. निर्मला सामंत-प्रभावळकर १९९४ मध्ये महापौर झाल्या, सुलोचना मोदींनंतर अडतीस वर्षांनी. मग हे अंतर झपाट्याने कमी झाले. विशाखा राऊत, दहिसरच्या डॉ. शुभा राऊळ, श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर, किशोरी पेडणेकर.

मी आरक्षणाचा ठाम समर्थक आहे. त्याच्यावाचून या बायका सभागृहात गेल्या नसत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नगरसेविकेच्या कचेरीत तिच्या खुर्चीशेजारी तिचा नवरा बसलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. पण दुसऱ्या वर्षी त्याच नगरसेविकेने अभियंत्याला त्याच्यादेखत सुनावलेलेही पाहिले आहे. शिकायला वेळ लागतो. तो वेळच आपली पद्धत तिला देत नाही, ही माझी तक्रार आहे. राखीव प्रभाग दर निवडणुकीला सोडतीने बदलतात. शाळेतली मुले चिठ्ठ्या उचलतात आणि पाच वर्षे नाले, शाळा, दवाखाने पाठ केलेल्या बाईचा प्रभाग खुला होतो. पक्ष मग तिथे पुरुष उभा करतो आणि तिला सांगतो, तुम्ही शेजारचा बघा किंवा थांबा. मृणालताई ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एकाच मातीत उभ्या होत्या, म्हणून त्यांना वाहिनीचा इंच अन् इंच ठाऊक होता. शिवाय निवडून आलेल्या बायकांना महिला व बालकल्याण समितीत बसवून शिलाई यंत्रे आणि घरघंट्या वाटायला लावणे, आणि निविदा मंजूर होतात त्या स्थायी समितीची सूत्रे इतरांकडे ठेवणे, ही सवय अजून गेलेली नाही. शिलाई यंत्र बाईच्या कामाचे आहेच. पण नाल्याचा खर्च तिने विचारला तर तिला ‘ताई, तुमचा विषय वेगळा’ म्हणू नये.

सभागृहाबाहेरचे काम या काळात उपनगरभर पसरले. घाटकोपरच्या जोशी लेनमधून १९९७ मध्ये एएलएमची (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) कल्पना पुढे आली, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांनी पालिकेबरोबर आपल्या कचऱ्याची जबाबदारी घेणे. ओला-सुका वेगळा करणारे हात घरोघरी बायकांचे होते. कचरा वेचणाऱ्या बायकांना स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर भगिनी’ म्हणून संघटित केले आणि त्यांना ओळखपत्र, प्रशिक्षण, प्रतिष्ठा मिळवून दिली. २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीच्या कार्यकर्त्यांनी सार्वजनिक मुताऱ्या मोजल्या आणि पुरुषाला जे फुकट मिळते त्यासाठी बाईकडून पैसे का घेता, हा प्रश्न पालिकेला विचारला. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी कोणत्या सालची आहे यावरून माणसाचे पाणी नाकारता येणार नाही.

हा निकाल ऐकायला मृणालताई नव्हत्या. १७ जुलै २०१२ रोजी त्या गेल्या. गोरेगावातल्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे आणि त्याखालून जाणाऱ्या बसमधल्या मुली ते नाव वाचतात.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे, जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत, मुंबईत लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाकडे होता. या काळात पाणी कमी आले, नाला तुंबला, दिवा बंद पडला, तर जायचे कुठे? गोरेगावची बाई पालिकेच्या पी दक्षिण विभाग कार्यालयात गेली, बोरिवलीची आर मध्यला, मुलुंडची टी विभागात, घाटकोपरची एनमध्ये. अर्ज दिला, पोच घेतली, पोचेवरचा क्रमांक मोबाइलमध्ये टिपून ठेवला आणि आठवड्याने पुन्हा गेली. या बायकांपैकी बहुतेकींनी कधी निवडणूक लढवलेली नाही. अर्ज कसा लिहायचा, कुणाच्या नावे, कोणता तपशील आधी, हे त्यांना कुणीतरी कधीतरी शेजारी बसून शिकवलेले होते. आपल्याकडच्या टेबलाशी हे शिकवणे अजून चालू असते, संध्याकाळी, दिवेलागणीला.